पक्के दात

मी दातांची डॉक्टर. दात कोरून पोट भरत नाही असं आपल्याकडे म्हणतात, पण न्यू जर्सीत माझं भरलं. वेस्ट विंडसरचं घर झालं, मुलगी शिकून पार तिकडे पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलला नोकरीला लागली. तक्रारीला जागा नाही. तरी हल्ली सकाळी आधी मनगट दुखायला लागतं आणि मग मला जाग येते. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितल्यावर मान त्याच कोनात राहायला लागली आहे. नवरा म्हणतो, देवळात गेलीस की लोकांना वाटतं काय भाविक बाई आहे.

हा दवाखाना मी एका म्हाताऱ्या अमेरिकन डॉक्टरकडून घेतला. त्याच्या खुर्च्या आल्या, एक्स-रे मशीन आलं, रिसेप्शनिस्ट आली, आणि नवऱ्याबरोबर सासू यावी तशी आइस हॉकीची एक टीम आली. गावातल्या टीमचे दात तो बघायचा, आता ते मी बघायचे. मी नागपूरची. आमच्याकडे बर्फ म्हणजे काडीला लावलेला लाल-हिरवा गोळा. त्या बर्फावर माणसं धारदार बूट घालून पळतात आणि काठीने एकमेकांचे दात पाडतात, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच तपासून घेतलं असतं.

काम असं की गावात मॅच असली की डॉक्टरने बॅग घेऊन खेळाडूंच्या बाकामागे बसायचं. ओठ फाटला तर टाके घालायचे, दात हलला तर बांधायचा, पडला तर बर्फावरून उचलून आणलेला तो दात दुधात टाकून ठेवायचा. पहिल्या मॅचला मी साडीवर कोट घालून गेले आणि पाय बधिर होऊन परत आले. नंतर थर्मल, लोकरीचे मोजे आणि नवऱ्याची माकडटोपी असा माझा हॉकीचा पोशाख ठरला. नवरा सोबतीला म्हणून आला आणि मलाच विसरला. हा जन्मभर पूल बांधणारा शांत माणूस, रिंकच्या, म्हणजे त्या बर्फाच्या मैदानाच्या, कडेला उभा राहून मराठीत ओरडायचा, "अरे दे ना त्याला! झोपलायस का?" आजूबाजूच्या गोऱ्या लोकांना वाटायचं भारतात हॉकीचा असा काही मंत्र असावा.

या खेळाची रचना थोडी सांगायला हवी. वरची एक मोठी लीग असते, तिच्या मॅच टीव्हीवर दिसतात. त्या लीगमधल्या प्रत्येक टीमची लहान गावात एक खालची टीम असते. वर कुणी जायबंदी झालं की खालून एकाला बोलावतात, वरचा बरा झाला की याला परत खाली पाठवतात. आमच्या गावातली टीम खालची. तिथे दोन प्रकारची माणसं होती. वर जायची वाट बघणारी पोरं, आणि वरून खाली आलेले. आमचा रशियन दुसऱ्या प्रकारातला.

तो फॉरवर्ड होता, म्हणजे पुढे घुसून गोल करणारा. पहिल्यांदा माझ्या खुर्चीत आला तेव्हा पंचविशीचा असेल. आदल्या संध्याकाळी कुणाची तरी काठी तोंडावर बसून वरचे पुढचे तीन दात गेले होते. धिप्पाड देह, पण खुर्चीत असा अंग चोरून बसला की जणू दुसऱ्या कुणाची जागा आहे. मी मुळं साफ केली, टाके घातले, आणि मग कुठल्याही चांगल्या डॉक्टरने सांगावं तसं त्याला सांगितलं. हिरडी भरली की हाडात स्क्रू बसवू, त्यावर कॅप चढवू, पक्के दात होतील, जन्मभर बघायला नको. कागदावर चित्रसुद्धा काढून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग गळ्यातला कागदी रुमाल काढला, त्याची नीट घडी करून ट्रेमध्ये ठेवली, आणि एक शब्द न बोलता निघून गेला.

थोड्या वेळाने टीमच्या ट्रेनरचा फोन आला. ट्रेनर म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणारा, बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस.

"डॉक, तुम्ही त्याला काय म्हणालात? तो लॉकर रूममध्ये बसलाय आणि कुणाशी बोलत नाहीये."

"काय म्हणणार? पक्के दात बसवू म्हणाले."

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. मग त्याने मला समजावलं. हॉकीत खेळ चालू असेपर्यंत कुणी पक्के दात बसवत नाही. हाडात स्क्रू असताना तोंडावर पक बसला, म्हणजे ती कडक रबरी चकती बसली, तर स्क्रू हाड घेऊन बाहेर येतो. म्हणून तोवर काढता-घालता येणारी छोटी कवळी वापरायची, तीही मॅचच्या आधी काढून ठेवायची. हे झालं शास्त्र. पण पुढे त्याचा रिवाज झाला आहे. पक्के दात बसवायला गेला म्हणजे खेळाडू संपला, हे सगळ्यांना कळतं. वेगळं जाहीर करावं लागत नाही. डॉक्टरने आपणहून तो विषय काढायचा नसतो. खेळाडू स्वतः येऊन मागतो.

नवऱ्याने हे ऐकून कपाळावर हात मारला. "जिवंत माणसाला तिरडीचं माप विचारलंस तू."

मी चिडले. मला काय स्वप्न पडलं होतं? डेंटल कॉलेजात असली शास्त्रं शिकवत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं, कवळीसाठी माप घेतलं, आणि पक्क्या दातांचा प पण काढला नाही.

त्यानंतर मी त्याला किती कवळ्या करून दिल्या याचा हिशोब मी ठेवलेला नाही. एक लॉकर रूममधल्या भांडणात दुसऱ्याच्या बुटाखाली गेली. एक कुठल्याशा गावच्या हॉटेलात ग्लासात राहिली आणि सफाईवाल्या बाईने किंचाळून फेकून दिली. एक त्याने सफरचंद खाताना मोडली आणि शाळेत पाटी फुटलेल्या मुलासारखा दोन तुकडे रुमालात बांधून घेऊन आला.

त्याची गोष्ट मला तुकड्या-तुकड्यांनी कळली, कारण दाताच्या डॉक्टरकडे माणूस बोलू शकतो तो फक्त भूल चढेपर्यंत. उरल पर्वताच्या पलीकडचं पोलाद कारखान्याचं गाव. बाप तिथे वेल्डर. हिवाळ्यात बाप इमारतीच्या मागच्या अंगणात पाइपाने पाणी सोडायचा आणि सकाळी त्याचा बर्फ झालेला असायचा, त्यावर हा खेळायला शिकला. अठराव्या वर्षी अमेरिकेतल्या वरच्या टीमने त्याला निवडलं. तेव्हा त्याच्यावर बरंच छापून आलं होतं म्हणे, हा पुढे असं करील आणि तसं करील. वरच्या टीममध्ये पहिल्याच मॅचला त्याने गोल केला, तो बापाने तिकडे पहाटे उठून टीव्हीवर पाहिला.

"मग?" मी विचारलं.

"मग गुडघा," तो म्हणाला. "मग नवा कोच. मग नवा मुलगा आला, अठरा वर्षांचा."

हे सांगताना त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. बस चुकली असं सांगावं तसं सांगायचा. मला आपलीच माणसं आठवायची. बोर्डात आलेली, पेढे वाटलेली, आणि मग प्रिन्स्टन जंक्शनला रोज सकाळी गाडीची वाट बघत उभी असणारी. हुशारी काही गेली नव्हती कुणाची. फक्त तिच्यासारखीच आणखी पुष्कळ निघाली.

दरवर्षी एकदा-दोनदा त्याला वरून फोन यायचा. फोन आला की त्याच दिवशी निघायचं. त्यासाठी त्याच्या दाराशी एक बॅग कायम भरलेली असायची. जायचा, दोन-चार मॅच बाकावर बसायचा, थोडा वेळ खेळायचा, परत यायचा. नवरा इंटरनेटवर बघून मला स्वयंपाकघरात येऊन बातमी द्यायचा, "आपला रशियन वर गेला गं!" आठवड्याभराने, "आला परत." पुढेपुढे त्या फोनांमधलं अंतर वाढत गेलं. नवराही मग बातमी द्यायला उठायचा नाही, खुर्चीतूनच सांगायचा.

इकडे मला वेगळाच घोर लागला होता. दात पडला की त्याच्या जागचं हाड झिजत जातं. मुळाला धरून ठेवायचं काम उरलं नाही की शरीर ते हाड हळूहळू परत घेतं. तिथे स्क्रू बसवायचा तर हाडाला रुंदी हवी, उंची हवी. दरवर्षी मी त्याचा एक्स-रे काढायची आणि दरवर्षी ती कड थोडी आणखी खाली बसलेली दिसायची. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण इथे तिसराच प्रकार होता. चणे संपेपर्यंत दात बसवायचे नाहीत, आणि तोवर दात बसवायला जबडाच राहायचा नाही.

रिवाज म्हणून मी गप्प राहिले असते, पण त्याच्या बायकोने मला राहू दिलं नाही. तीही रशियन, गावातल्याच रिंकवर लहान मुलांना स्केटिंग शिकवणारी. त्यांची ओळख तिथेच झाली, लग्न झालं, एक मुलगी झाली. तिच्या वर्गात निम्मी मुलं आपल्या लोकांची असायची. कडेला आया थर्मास घेऊन उभ्या, आणि आत ही काठीसारखी ताठ बाई त्या पोरांना पडायला शिकवत असायची. आधी पडायला शिका, मग उभं राहायला, असं तिचं म्हणणं. एकदा ती त्याच्याबरोबर दवाखान्यात आली आणि त्याला बाहेर बसवून एकटी आत आली.

"डॉक्टर, तुम्ही सांगा त्याला. पुरे."

"बाई, मी दातांची डॉक्टर आहे. नवऱ्यांची नाही."

"तो बायकोचं ऐकत नाही. आईचं ऐकत नाही. कोचचं पण ऐकत नाही. तुमच्या खुर्चीत त्याला उलटून बोलता येत नाही."

मुद्दा बिनतोड होता. तेव्हापासून मी त्याच्या तोंडात आरसा घातला की सुरू व्हायची. हाड चाललंय. गुडघा चाललाय. मुलगी मोठी होतेय. ग्रीन कार्ड मिळालंय, कुठे पळून जायचंय तुला? तो डोळे छताला लावून सगळं ऐकून घ्यायचा. मग मी हात काढले की चूळ भरायचा आणि म्हणायचा, "वन मोर इयर, डॉक्टर." दरवर्षी तेच. पालथ्या घड्यावर पाणी. मी घरी येऊन नवऱ्याला सांगायची, "काय हट्टी माणूस आहे बघ. शरीर पुरे म्हणतंय आणि याचं आपलं आणखी एक वर्ष."

नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचा, "हो ना. असतात अशी माणसं. काहींना मान पण वळवता येत नाही, तरी सकाळी दवाखाना उघडायला जातात."

शेवटी मनगटाने मला शहाणं केलं. एका तरुण जोडप्याने दवाखाना घ्यायची तयारी दाखवली, दोघंही दातांचे डॉक्टर, दोघांचीही मान सरळ. मी हो म्हटलं. पुढच्या हिवाळ्याच्या आधी किल्ल्या द्यायच्या असं ठरलं. मुलीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "फायनली, आई!" आणि रडली. मी नाही रडले. मला फक्त झोपायचं होतं. पण मनात एक गोष्ट अडकून राहिली होती. या माणसाच्या तोंडात मी इतकी वर्षं कामचलाऊ काम केलं. जाण्याआधी त्याचे दात आपल्या हातून व्हावेत, आणि हाड शिल्लक असेपर्यंत व्हावेत, एवढं एक मला हवं होतं. बोलायची मात्र सोय नव्हती. मागायचं त्याने होतं.

त्याचा तो शेवटचा हंगाम. शेवटचा आहे हे कुणाला माहीत नव्हतं, पण दिसत होतं. लॉकर रूममधली पोरं त्याला आजोबा म्हणायला लागली होती, आणि तो जेमतेम पस्तिशी ओलांडलेला. फेब्रुवारीतल्या एका मॅचला पक उडून त्याच्या तोंडावर बसला. त्याला बाकामागच्या लहान खोलीत आणलं. ओठ आतून फाटला होता आणि पोकळीशेजारचा त्याचा स्वतःचा दात हलत होता. मी टाके घालायला घेतले, भुलीची सुई काढली, तर त्याने मान हलवली.

"वेळ नाही, डॉक्टर. थर्ड पीरियड. शेवटचा."

"मरू दे तो पीरियड."

"प्लीज."

मी भूल न देता टाके घातले. त्याने हूं की चूं केलं नाही. माझाच जीव कासावीस झाला. तो उठला, हेल्मेट चढवलं आणि बर्फाकडे जायच्या दोन पायऱ्या दोन्ही हातांनी कठडा धरून उतरला, देवळाच्या पायऱ्या म्हातारी माणसं उतरतात तसा. खाली पोचल्यावर कठडा सोडला आणि एकदम वेगात आत गेला. वरून बघणाऱ्याला कळलंही नसतं. मी नवऱ्याला म्हटलं, घरी चल, मला आज पुढचं बघवत नाही. वाटेत रूट वन हायवेवर बर्फ काढणारी गाडी आमच्या पुढे होती, तिच्या मागे मागे रांगत आम्ही घर गाठलं.

अशा खेळाडूंची निवृत्ती कशी होते ते मला त्या उन्हाळ्यात कळलं. मोठ्या लोकांना निरोप मिळतो, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, त्यांच्या नंबरचा शर्ट रिंकच्या छताला टांगतात. बाकीच्यांना फक्त फोन येत नाही. जूनमध्ये करार संपला, जुलैत इतरांना फोन आले. ऑगस्टमध्ये तो रोज सकाळी रिकाम्या रिंकवर एकटा खेळत होता असं ट्रेनरने सांगितलं. सप्टेंबरला नव्या पोरांचं शिबिर सुरू झालं आणि त्याला रिंकची वेळही मिळेना. संपलास, असं कुणी म्हणालं नाही. म्हणायला कुणी आलंच नाही.

मग एका सकाळी दवाखाना उघडतानाच फोन वाजला. रिसेप्शनिस्ट आली नव्हती, मीच उचलला.

"डॉक्टर," तो म्हणाला. मग, "दात."

"कच्चे की पक्के?" मला विचारावं लागलं. दुसरा काही इलाज नव्हता.

"पक्के."

ज्या शब्दासाठी मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, तो ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. कुणाच्या तरी घरून वाईट बातमीचा फोन यावा तसं झालं. मी म्हटलं, ये.

स्कॅन काढला. हाड मला वाटलं होतं त्याहून पातळ. आधी हाड भरायचं, ते मुरायला पाच-सहा महिने, मग स्क्रू, ते धरायला आणखी तेवढेच, मग कॅप. वर्ष तरी जाणार. आणि मी हिवाळ्याआधी किल्ल्या द्यायचं कबूल केलेलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, त्या जोडप्याला एक वर्ष थांबायला सांगते. मला वाटलं आता भांडण. तिकिटांपासून सगळं बघून ठेवलं होतं त्याने, नागपूर, मग कोकण, मग मुलीकडे. तो म्हणाला, "आपल्या रशियनसाठी?" मी हो म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाला, आणि चहा टाकायला उठला.

ते जोडपं थांबायला तयार झालं, पण ते वर्ष मी कसं काढलं माझं मला माहीत. मनगटाला पट्टा बांधून काम केलं. तो दर महिन्याला यायचा. आता सकाळी बायकोबरोबर लहान मुलांना शिकवत होता, प्लास्टिकच्या खुर्च्या धरून बर्फावर सरकणाऱ्या पोरांच्या मागे वाकून चालायचं काम. कंबर जास्त दुखते, म्हणायचा. टीमच्या मॅचना आला नाही. मीही जायचं सोडलं, नव्या जोडप्यातल्या एकाला पाठवायला लागले. नवरा टीव्हीवर बघायचा, पण ओरडायचा नाही.

कॅपचा रंग आणि आकार ठरवायची वेळ आली तेव्हा मी त्याला दात असतानाचा फोटो आणायला सांगितलं. आम्हाला तो लागतोच. त्याने एकच आणला. अठरा वर्षांचा, वरच्या टीमने निवडलं त्या दिवशीचा, अंगात त्यांचा शर्ट, कपडे मापाचे नाहीत, आणि हसू एवढं की सगळे दात मोजून घ्यावेत. मी तो फोटो दिव्याखाली धरून किती तरी वेळ बघत बसले. मग त्याच्याकडे पाहिलं.

"एवढे पांढरे नकोत," तोच म्हणाला. "आता बरे नाही दिसणार."

मी दोन छटा गडद मागवले.

पुढच्या ऑक्टोबरात कॅप बसवल्या. त्याला आरसा दिला. त्याने तोंड मिटलं, उघडलं, आतून जीभ फिरवली. कसे वाटतात, म्हटलं, तर म्हणाला, "जड." ते जड नसतात, पण मी वाद घातला नाही. मग त्याच्या बायकोला आणि मुलीला आत बोलावलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. मला म्हणाली, "मी याला असा कधी बघितलाच नव्हता. मी भेटले तेव्हा ते गेलेलेच होते." ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

मुलगी पाच-सहा वर्षांची, तिच्या हातात एक गुलाबी प्लास्टिकची डबी होती, कवळी ठेवायला आम्ही देतो तसली. ती बापासमोर येऊन उभी राहिली, नवे दात नीट पाहिले, मान डोलावली. मग डबी उघडली, त्याच्या हनुवटीखाली धरली आणि वाट बघत राहिली.

मला काही कळेना. तिच्या आईने मग हळू आवाजात सांगितलं. मॅचच्या आधी तो कवळी काढून मुलीच्या डबीत ठेवायचा. मॅच संपेपर्यंत ती डबी मांडीवर घेऊन बसायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. ते तिचं काम होतं. मग मॅच बंद झाल्या. मुलगी रोज विचारायची, पपा खेळायला का जात नाही? काय सांगावं ते दोघांनाही सुचेना, म्हणून त्यांनी सांगितलं, पपाचे दात दुरुस्त होतायत.

आणि आज ते दुरुस्त झाले होते.

"पपा, टीथ," मुलगी म्हणाली. तिला वाटलं बाप विसरला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. भूल न देता टाके घालून घेतानाही या माणसाने माझ्याकडे कधी असं पाहिलं नव्हतं. कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मीच म्हटलं, "बाळा, हे दात निघत नाहीत."

"मग पपा खेळणार कसा?" तिने मला विचारलं. तिचं इंग्रजी आमच्या तिघांपेक्षा स्वच्छ होतं.

मला रडू आलं. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी पेशंटसमोर कधी रडले नव्हते. तो खुर्चीतून उतरला आणि तिच्यापुढे जमिनीवर गुडघे टेकून बसला, त्यातला एक गुडघा टेकताना त्याला किती दुखतं ते मला माहीत होतं.

"नाही खेळणार," तो तिला म्हणाला. "आता नाही."

मुलीने थोडा विचार केला. मग डबी खाली ठेवली, त्याच्या पुढच्या दाताला दोन्ही हातांच्या बोटांनी धरलं आणि जोर लावून ओढायला लागली. कॅप नुकतीच बसवली होती, मी तिला थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही, तिच्या आईनेही नाही. त्याने तोंड मिटलं नाही. ती दमेपर्यंत त्याने तिला ओढू दिलं.